फ्रेनीमायच्या कंपाउंडातली आग

रेबीन घमेल्यापुढे उकिडवा बसून स्टीलच्या डब्याच्या झाकणानं वारा घालत होता. लाकडं ओलसर होती. धूर भरपूर आणि जाळ नावाला.

"अरे, फुंक मार ना एक. लगेच पेटेल," मोहना हिंदीत म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि पुन्हा झाकण हलवायला लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण गडी ऐकेना. इराकमधल्या सुलेमानियाचा हा कुर्द मुलगा विद्यापीठात मोहनाकडे संख्याशास्त्र शिकत होता आणि हट्टीपणात तिच्या सासूच्या तोडीचा होता. मोहनानं नाद सोडला.

नवरोजचा हा घाट तिनंच घातला होता, आणि तोही रेबीनसाठी. त्याच्या आईनं काही वर्षांपूर्वी तिकडच्या चार बायकांबरोबर कमरेला दोरी बांधून जरथुष्ट्राचा जुना धर्म परत धरला होता. हिंदुस्तानात आपली माणसं आहेत, इतकी शतकं आग सांभाळून बसलेली, हे तिच्या मनानं घेतलं होतं. फोनवर दर वेळी एकच प्रश्न. भेटली का रे ती माणसं? तुला आपलं म्हणाली का? रेबीन एकदा अग्यारीच्या फाटकापर्यंत गेलाही होता. फक्त पारशांसाठी, अशी पाटी वाचली आणि मागे फिरला. आता शिक्षण संपून पुढच्या महिन्यात तो घरी निघायचा होता. आईला काय सांगू, असं त्यानं विचारलं तेव्हा मोहनाला आपली पारशी शेजारीण आठवली. फत्तेगंजात तिच्या भिंतीला भिंत लागून फ्रेनीमाय राहत होती, आणि बडोद्यात जन्म काढलेल्या मोहनाला हे आधी सुचू नये याची तिला लाज वाटली.

फ्रेनीमाय म्हणजे मुलींच्या शाळेतली निवृत्त पीटी टीचर. ऐंशीच्या घरात आली तरी ताठ चालणारी आणि दुसऱ्याला ताठ चालायला लावणारी. आता इथे हा सण कोणी करत नाही म्हणून आधी तिनं उडवून लावलं, "जमशेदी नवरोज हवे अहिंया कोण करे छे, डीकरी?" मग स्वतःच दोन दिवस आधीपासून घर झाडायला लागली. आज तिनं उंबऱ्यावर चुन्याची माशांची रांगोळी काढली होती, तुपात परतलेल्या गोड शेवया आणि गोड दही केलं होतं. तेहरानची गुलनार, रेबीनच्याच वर्गातली, गव्हाचे अंकुर, लसूण, सफरचंद असं काय काय खंडेराव मार्केटातून घेऊन आली होती. टेबलावर मांडामांड करताना दोघींची चांगली जुंपली, कारण आरसा कुठे ठेवायचा यावर दोघींचंही मत ठाम होतं. शेवटी आरसा मधोमध राहिला आणि फ्रेनीमायनं गुलाबदाणीतून गुलनारच्या डोक्यावर गुलाबपाणी शिंपडलं. मोहनाला वाटलं, जमलं.

जाळ एकदाचा धरला. फ्रेनीमायनं डोक्याला रुमाल बांधला, घमेल्यापुढे येऊन हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणायला लागली. तेवढ्यात गुलनारनं टाळी वाजवली, रेबीन चार पावलं मागे गेला आणि धावत येऊन त्यानं आगीवरून उडी मारली.

त्याच्या गावात नवरोजला अशीच उडी मारतात. जुन्या वर्षाचं दुखणंखुपणं आगीला द्यायचं आणि तिची ऊब घ्यायची. हे मोहनाला नंतर कळलं. आत्ता तिला फक्त फ्रेनीमायचा चेहरा दिसला.

"जेनी आगळ अमे माथुं ढांकिए," डोक्यावरच्या रुमालाला हात लावून फ्रेनीमाय म्हणाली, "तेनी उपर पग? मारा आंगणमां?"

जिच्यापुढे डोकं झाकायचं, तिच्यावरून यानं पाय नेला होता. ती वळली आणि आत गेली. दाराला कडी लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

रेबीनला गुजराती समजत नव्हतं, पण कडी समजली. तो ओठ चावत उभा राहिला. मोहनाला त्याच्याकडे बघवेना. आपण विचारायला हवं होतं, दोन्हीकडे विचारायला हवं होतं, हे आता सुचून काय उपयोग.

"मी सांगत होतो, हे असलं काही करू नका म्हणून," उत्कर्ष म्हणाला. हा मोहनाचा नवरा, कोयलीला रिफायनरीत नोकरीला होता. उघडा जाळ दिसला की त्याचा जीव टांगणीला लागे. त्यानं भरलेली बादली सुरुवातीपासूनच नळाजवळ तयार ठेवली होती. "विझवून टाकू आधी. मग जाऊन माफी मागू."

त्यानं बादली उचलली.

"पानी नहीं!"

रेबीन घमेल्यावर ओणवा झाला होता. बादली तोवर कलली होती. सगळं पाणी त्याच्या पाठीवर पडलं. आणि त्याच क्षणी खिडकीतून दुसरी आरोळी आली, पीटीच्या मैदानावरची, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"उत्कर्ष! पाणी नहीं!"

कोणी हललं नाही. आग फडफडली, सावरली. रेबीनच्या शर्टाचा पुढचा भाग किंचित करपला होता आणि पाठीवरून पाणी निथळत होतं.

कडी निघाली. फ्रेनीमाय पंचा घेऊन बाहेर आली. तिनं तो रेबीनच्या अंगावर टाकला आणि त्याला नीट न्याहाळलं.

"पानी क्यूं नहीं डालने दिया?"

"आग को मारते नहीं," तो म्हणाला. "खुद सोती है. हम बैठते हैं, जब तक सोए."

"किसने बोला?"

"दादी."

"और फूंक? मैं खिड़की में से देखती थी. इतना धुआं खाया, फूंक क्यूं नहीं मारी?"

रेबीननं हात तोंडाशी नेला, शब्द शोधले. "मुंह की सांस जूठी. दादी मारती थी, फूंक मारो तो."

"वो जरथोस्ती थी, दादी?"

"नहीं. नमाज पढ़ती थी, पांच बार." तो ओशाळं हसला. "उसको उसकी मां ने बोला. मां को उसकी मां ने. क्यूं, किसी को मालूम नहीं."

फ्रेनीमायनं पंच्याचं टोक त्याच्या खांद्यावर ओढलं. मग मोहनाकडे वळून अग्यारीतल्या पुजाऱ्यांबद्दल हळूच म्हणाली, "अमारा दस्तूरजी आतश पासे जाय त्यारे मोंढे सफेद कपडुं बांधे. श्वास नहीं लागवो जोइए." तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं लपवलं नाही. "आटलां वरस कोईए कह्युं नहीं, तो पण चूलो साचवती रही, ए बाई." का, ते कोणी न सांगताही त्या आजीनं चूल सांभाळली होती.

तिनं आतून खुर्ची आणि चंदनाच्या ढलप्यांची डबी आणवली. एक ढलपी आगीत ठेवली, एक रेबीनच्या हातात दिली. त्यानं ती तशीच, खाली वाकून, हलकेच ठेवली. उत्कर्ष रिकामी बादली कुठे ठेवावी ते न कळून ती हातात धरून उभा होता. गुलनारनं ती त्याच्याकडून काढून घेतली आणि त्याला शेवयांची वाटी दिली.

"लेकिन कूदना नहीं," फ्रेनीमायनं बोट उगारलं. "मेरे कंपाउंड में नहीं. तुम्हारे घर में तुम जानो."

"नहीं कूदेगा, माय."

"और शर्ट बदल. शरदी हो जाएगी."

पण रेबीन हलला नाही. त्याच्या खिशातला फोन थरथरत होता. त्यानं तो काढला, पंच्यानं पुसला आणि मोहनाकडे पाहिलं. मोहनानं मान डोलावली.

पडद्यावर फुलाफुलांचा रुमाल बांधलेली एक बाई, त्याची आई, आली आणि एका दमात बोलायला लागली. रेबीननं फोन आधी टेबलाकडे वळवला, मग घमेल्याकडे, मग जरा बिचकत, फ्रेनीमायकडे. तिकडे बोलणं थांबलं. बाईनं छातीवर हात ठेवला. फ्रेनीमायनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि तीही तशीच बघत राहिली. दोघींच्या रुमालांच्या गाठी मानेमागे, एकाच जागी होत्या.

मग त्या बाईनं काहीतरी विचारलं. रेबीननं आगीकडे पाहिलं.

"क्या पूछती है?" फ्रेनीमाय म्हणाली.

मोहनाला वाटलं, तोच प्रश्न असणार. ती जरा पुढे सरकली.

"पूछती है," रेबीन म्हणाला, "ये आग किसकी है."

फ्रेनीमायनं आपली खुर्ची ओढून त्याच्या शेजारी आणली आणि बसली. आग विझायला अजून वेळ होता.

"मम्मी को बोल," ती म्हणाली, "घर की है."