मागल्या बाजूचं नाव

मी एक जुनी पितळी पाटी आहे. वीतभर लांब, चार बोटं रुंद, चार कोपऱ्यांत चार भोकं. मित्रांनो, पाटीचं काम एकच असतं, जे खरं आहे ते सांगायचं. तेवढं एक कामही मला धड जमलं नाही. पन्नास-बावन्न वर्षं मी सगळ्यांच्या देखत खोटं बोलले आणि वर चकाकत राहिले. आज सांगताना लाज वाटते, पण सांगून टाकते.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, आमच्या गावात भुईमुगाच्या शेंगा फोडायची गिरणी होती. शेंगा फुटल्या की दाणे एका लांब पट्ट्यावरून सरकत येत, आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बाया त्यातले खडे, काड्या, कुजके दाणे बोटांनी वेचून काढत. सगळ्या काळ्या बाया. गोऱ्या बायांना ते काम कुणी सांगत नसे आणि काळ्या बायांना दुसरं कुणी देत नसे. वेचता वेचता त्या देवाची गाणी म्हणायच्या, म्हणजे बोटांना ताल मिळायचा. त्यांच्यात डॉर्कस मंगिन होती. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला मोजकी. रविवारी चर्चमध्ये ती मुलांना वाचायला शिकवायची.

यापुढचं थोडं माझ्या जन्माआधीचं आहे, पण बायांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. गिरणीचे मालक मिस्टर टिलरी यांनी खडे काढायला एक महागडं यंत्र आणलं होतं. ती नुसती हलणारी चाळण! दाण्याएवढा खडा असला की तो दाण्यांच्या बरोबरीनं ऐटीत पलीकडे जायचा. डॉर्कसनं ते पाहिलं आणि तिला हसू आवरेना. तिच्या घरी आजीचं गवतानं विणलेलं गोल सूप होतं. आजी किनाऱ्याजवळच्या बेटावरची, भात पाखडणारी. ते पाखडणं आजीच्या आजीनं आफ्रिकेतून आणलं होतं. हातांत बेड्या घालून आणलेली बाई हातांतल्या कसबाशिवाय दुसरं काय आणणार? आता पाखडताना सूप नुसतं हलवतात का? ते एका अंगाला कलतं धरतात, आणि शेवटी मनगटाचा एक हिसका देतात. सगळी किमया त्या हिसक्यात असते. तुमच्या घरी कुणी पाखडत असेल तर नीट बघा.

डॉर्कस आणि तिचा नवरा हेझेकाया, तो सुतार होता, दोघांनी परसात दोन हिवाळे खपून एक कलता पाट बांधला. खालून वारा, बाजूनं हिसका. पहिल्यांदा चालवला तेव्हा दाणे अलगद उतरून खाली आले आणि खडे चक्क उलटे वर गेले. हेझेकाया ओरडला, "अगं ए, बघ तरी! खडे डोंगर चढतायत!"

टिलरींनी ते पाहिलं आणि टोपी काढून डोकं खाजवत उभे राहिले. डॉर्कसनं दोनच अटी घातल्या.

"एकाही बाईला घरी बसवायचं नाही, साहेब. आणि यंत्रावर पाटी लागेल तिच्यावर नाव माझं."

"कबूल," टिलरी म्हणाले. मित्रांनो, टिलरी काही दुष्ट माणूस नव्हते. दुष्ट असते तर मला इतकं लागलं नसतं.

मग माझी पाळी आली. सव्हाना शहरातल्या एका कोरणाऱ्याला त्यांनी चिठ्ठी धाडली, 'यंत्राचा शोध डी. मंगिन यांचा.' त्या बाबानं विचारायचीसुद्धा तसदी घेतली नाही. यंत्र शोधणारा म्हणजे पुरुष, आणि पुरुष म्हणजे अर्थातच गोरा! त्यानं माझ्यावर सुबक अक्षरांत कोरलं, 'शोधक: मिस्टर डी. मंगिन'. आमच्याकडे गोरी माणसं काळ्या माणसाला कधी मिस्टर म्हणत नसत. सत्तरीच्या म्हाताऱ्यालाही 'ए पोरा' म्हणायचे आणि बायकांना 'ए मावशे'.

मी गिरणीत पोचले तेव्हा बायांनी मला हातोहात फिरवलं. डॉर्कसच्या शेजारी बसणारी लूला मोठी टवाळ. ती म्हणाली, "डॉर्कस, अगं, तुझ्या मिशा कुठायत? घरी विसरलीस?" पट्ट्यावरचे दाणे तसेच पुढे गेले, इतक्या सगळ्या हसल्या. डॉर्कसही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं मला एप्रनला पुसलं आणि कचेरीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"साहेब, पाटी सुरेख झालीय. फक्त एक चूक आहे. मी मिस्टर नाही."

"असू दे गं. कोण बघतंय! आडनाव तुझंच आहे ना?"

"आडनाव माझं, पण माणूस दुसराच. मिसेस डॉर्कस मंगिन असं करून आणा."

मिसेस! टिलरींचे कान लाल झाले. त्या गावात काळ्या बाईच्या नावाआधी हा शब्द कुणी गोऱ्यानं कधी उच्चारला नव्हता, मग पितळेत कोरणं तर लांबच. ते हळू आवाजात म्हणाले, "गिऱ्हाईक विचारेल, ही मिसेस मंगिन कोण? मी काय सांगू?"

"मी कोण ते सांगा. मी इथंच तर असते, पट्ट्यावर."

टिलरींनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. तिच्याकडे तेवढं पाहिलं नाही. "बरं," ते म्हणाले, "पाठवतो परत."

मी खुशीत सव्हानाला गेले. वाटलं, एक शब्द बदलला की झालं. पण टिलरींच्या नव्या चिठ्ठीत निराळंच होतं. कोरणाऱ्यानं, पितळ कशाला वाया घालवा म्हणून, मला पालथं केलं आणि कोऱ्या बाजूवर कोरलं, 'शोधक: डब्ल्यू. टिलरी'. मग गिरणीत चार स्क्रूंनी मला यंत्रावर आवळून बसवलं. नवं नाव जगाकडे, डॉर्कसचं नाव गार लोखंडाकडे.

डॉर्कस उठून आली. तिनं मला एकदा वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. मागून लूला चिडून म्हणाली, "कशाला गेलीस शहाणपणा करायला? गप्प बसली असतीस तर मिशा का असेनात, नाव तरी राहिलं असतं!"

"नसतं राहिलं गं," डॉर्कस म्हणाली. "मिशावाल्या कुणाचं तरी राहिलं असतं."

ती परत जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी पट्ट्यावर गाणं झालं, पण त्यात तिचा आवाज नव्हता.

आणि मी? त्याच आठवड्यात जत्रेत यंत्राला पहिलं बक्षीस मिळालं. लोक वाकून मला वाचत. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात टिलरींच्या कोपराशी मी अशी झळकते आहे की विचारू नका! मला गळून पडता आलं असतं. एखादा स्क्रू सैल करता आला असता. पाटीला ते जमत नाही, हे मी स्वतःला सांगत आले; पण खरं सांगू? त्या फोटोत मला बरं वाटत होतं. ती लाज अजून जात नाही.

गिरणीत दर शनिवारी काम सुटल्याचा भोंगा झाला की यंत्रांवरचं पितळ घासायची रीत होती. तेही काम बायांचंच. मीठ, व्हिनेगर आणि फडकं. माझ्या वाटणीला कोण यावं? डॉर्कस! तिनं ते काम मागून घेतलं होतं. कडांवरून ती फडकं नुसतं फिरवायची. 'डब्ल्यू. टिलरी' या अक्षरांवर आली की मात्र मनगटानं जोर लावायची आणि घास घास घासायची. एकदा टिलरी मागे येऊन उभे राहिले.

"डॉर्कस, किती घासतेस ते!"

"चकचकीत हवं म्हणालात ना, साहेब?"

त्यांना कळलं असावं. ते निघून गेले, आणि पुन्हा कधी त्यांनी तिला हटकलं नाही. पहिली अट त्यांनी शेवटपर्यंत पाळली, एकाही बाईला घरी बसवलं नाही. दुसऱ्या अटीबद्दल तोंड उघडायचं धैर्य मात्र त्यांना कधी झालं नाही.

कधी कधी घासताना डॉर्कस पुटपुटायची, "तुझा काय दोष गं?" मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

असे तेवीस वर्षांचे शनिवार गेले. मग एका शनिवारी दुसरीच बाई आली आणि माझ्यावरून भराभरा फडकं फिरवून गेली. पलीकडे बाया हळू आवाजात बोलत होत्या, त्यातून मला कळलं की डॉर्कसला गुरुवारी पुरलं.

पुढे टिलरी गेले, गिरणी बंद पडली. छत गळायला लागलं, कचेरीतले कागद कुजले, माझ्यावर हिरवा थर चढला. बऱ्याच वर्षांनी जिल्ह्याच्या संग्रहालयानं यंत्र उचलून नेलं. तिथल्या मिस अ‍ॅबट नावाच्या तरुण गोऱ्या बाईंनी मला साफ केलं आणि त्या कोड्यात पडल्या. 'शोधक' हा शब्द स्वच्छ होता, पुढे मात्र गुळगुळीत पितळ! डॉर्कसनं नाव पार पुसून टाकलं होतं. मागे काही खूण आहे का बघावं म्हणून मिस अ‍ॅबटनी माझे स्क्रू काढले.

मागचं नाव काल कोरल्यासारखं लख्ख होतं. बाई आनंदानं नाचायच्याच बाकी होत्या. त्यांनी मला उलटं बसवलं आणि खाली पुठ्ठ्यावर लिहिलं, 'शोधक: मिस्टर डी. मंगिन. या गृहस्थांची अधिक माहिती मिळत नाही.' येणारे-जाणारे तर्क करायचे. एकजण म्हणाला, "स्कॉटलंडकडचा असणार, आडनावावरून वाटतंच." घ्या! पालथी असताना खोटी, उलटी केली तरी खोटीच. मित्रांनो, माझ्याइतकी करंटी पाटी दुसरी नसेल.

मग एका दुपारी सत्तरीच्या एक बाई आल्या. पांढरे केस, हातात काठी, शिक्षिकेची करडी नजर. पुठ्ठा वाचून त्या मोठ्यानं हसल्या. ते हसू मी ओळखलं. मग त्या बाकावर बसल्या आणि रुमाल डोळ्यांना लावला.

"अहो, काय झालं?" मिस अ‍ॅबट धावत आल्या.

"हे तुमचे गृहस्थ," त्या म्हणाल्या, "माझी आई आहेत."

त्या आयोला, डॉर्कसची मुलगी. त्यांनी मिशांपासून मिठापर्यंत सगळं सांगितलं. मिस अ‍ॅबटचे कान लाल झाले. चाचरत त्या म्हणाल्या, "माझा विश्वास आहे हो. पण वरिष्ठ पुरावा मागतील."

"पुरावा ना? घरी भिंतीवर टांगलाय."

दुसऱ्या दिवशी आयोला ते गवताचं सूप घेऊन आल्या. वरिष्ठांसमोर त्यांनी त्यात दाणे आणि खडे एकत्र ओतले, सूप कलतं धरलं, मनगटाचा हिसका दिला. दाणे खाली आले, खडे वरच्या कडेला जाऊन बसले. मग यंत्र चालू केलं. तोच कल, तोच हिसका.

"नवी पाटी करून आणते," मिस अ‍ॅबट म्हणाल्या. "आयोला, तिच्यावर काय लिहू?"

"आधी मिसेस लिहा. मग आईचं पूर्ण नाव. आणि मी मिसेस गॅडसन."

"माफ करा, मिसेस गॅडसन," मिस अ‍ॅबट खाली बघत म्हणाल्या.

आता यंत्रावर नवी पाटी आहे. मला फेकून देणार होते, पण मिसेस गॅडसननी थांबवलं. "हिला काचेत उभी ठेवा, दोन्ही बाजू दिसू देत." तेव्हापासून मी अशी उभी आहे. एका बाजूला चुकीचा माणूस, दुसऱ्या बाजूला पुसलेला. पाहणाऱ्यांसमोर मान खाली घालता येत नाही, हीच माझी शिक्षा, आणि ती मला मान्य आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेत, दवाखान्यात, कारखान्यात पाट्या असतील. त्या वाचाच, पण तेवढ्यावर थांबू नका. काम कुणाच्या हातांनी झालं ते विचारा, आणि पाटी रोज कोण पुसतं तेही विचारा. आणि कुणाला हाक मारायची वेळ आली तर ती मानानं मारा.

नवी पाटी लागली त्या दिवशी मिसेस गॅडसन निघता निघता मागे वळल्या. पाटीवर कुणाच्या तरी बोटांचे डाग पडले होते. त्यांनी रुमाल काढला आणि कडा पुसल्या, कोपरे पुसले, चारही स्क्रू पुसले. आईच्या नावावरून मात्र त्यांनी रुमाल नेला नाही.