न आलेल्या बाळाचा पांगुळगाडा

तीन लाकडी चाकं, दोन उभे दांडे आणि चिमुकल्या हातांनी धरायला एक आडवी दांडी, एवढंच माझं शरीर. मित्रांनो, मी पांगुळगाडा आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पहिलं पाऊल माझ्याच एखाद्या भावाला धरून टाकलं असेल. पुढे तुम्ही त्याला विसरलात. त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही. मूल आम्हाला विसरलं की आमचं काम झालं, असं आम्ही समजतो. माझी गोष्ट मात्र जरा निराळी आहे. मला घडवलं, तेव्हा मला धरणारं मूल जन्मलेलंच नव्हतं.

पुलगावात कापडाच्या गिरणीच्या भोंग्यावर ज्या वस्तीचं उठणं-जेवणं चालायचं, त्या वस्तीत प्रभाकरराव नावाचे एक ख्रिस्ती सुतार राहत. दारं, खिडक्या, खाटा असं काम ते करत. त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई रविवारच्या शाळेत लहान मुलांना गाणी शिकवत. मुलं त्यांच्या पदराला लोंबकळत असायची. पण चर्चमधून घरी परतताना तो पदर रिकामा असे. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता.

१९५१ च्या नाताळात उपासनेहून परत आल्यावर प्रभाकररावांनी नवा सदरासुद्धा काढला नाही. ते थेट अंगणातल्या छपरीत गेले आणि एका दाराच्या कामातून उरलेले सागाचे तुकडे शोधू लागले.

"सणाच्या दिवशी काय करून राह्यले जी?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"लेकरू मागतो नं आपण देवाजवळ?" ते म्हणाले. "मंग मागतो तर तयारी ठेवून मागू. गाडा आधी, लेकरू मागून."

असा माझा जन्म झाला. त्यांनी मला फार मायेनं घडवलं. बाळाच्या तळव्याला कुसळ टोचू नये म्हणून दांडी घासून घासून गुळगुळीत केली. एका चाकाशी लाकडाची चिमणी बसवली. चाक फिरलं की ती मान हलवायची. माझं काम पुरं झालं तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या चार बायका आल्या. त्यांत म्हाताऱ्या आनंदाबाई होत्या. त्यांनी माझ्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि शकुंतलाबाईंना म्हणाल्या, "मागत राह्य पोरी. देव उशीर करते, पण देते."

मग मला आतल्या खोलीत खिडकीजवळ ठेवलं आणि वर दोऱ्याची वेल विणलेलं पांढरं कापड घातलं.

मित्रांनो, त्या कापडाखाली माझी वर्षं गेली. दर शनिवारी शकुंतलाबाई मला पुसत, चाकांना तेल देत. आणि रोज संध्याकाळी माझ्याजवळ गुडघे टेकून प्रार्थना करत. त्यांची प्रार्थना मला पाठ झाली होती. "हे आमच्या स्वर्गातील पित्या, तू सर्वसमर्थ आहेस," अशी ती सुरू होई. बोलताना त्यांची भाषा आपली वऱ्हाडी, पण देवाशी बोलताना त्या पुस्तकातली भाषा वापरत. मागणं संपलं की आमेन म्हणून त्या लगेच उठत आणि चुलीकडे जात.

प्रार्थनेला बसण्याआधी त्या एक काम न विसरता करत. खिडकी लावून घेत. कारण पलीकडच्या घरातून त्याच वेळी काहीतरी घासल्याचा आवाज येई. मध्येच एखादं भांडं लवंडे. "मन नाई लागत प्रार्थनेत," असं म्हणून त्या कडी घालत.

पलीकडे जिजा राहत होती. तिचा नवरा लाकडं तोडायला दूर जंगलात जायचा, महिनोन्महिने यायचा नाही. जिजा कापसाच्या जिनात सरकी निवडायला जाई. तिला एक मुलगी होती, बायजा. दुसरं वर्ष सरता सरता बायजाला मोठा ताप आला. ताप उतरला, पण पायांतलं बळ घेऊन गेला. लेक रांगत रस्त्यावर जाईल आणि एखाद्या गाडीखाली येईल, या भीतीनं जिजा तिला लुगड्याच्या चिंधीनं खाटेच्या पायाला बांधून कामावर जात असे. दुसरं ती काय करणार? हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. शकुंतलाबाईंनाही माहीत होतं. येता-जाता त्या कधी भाकरीचा तुकडा देत, हळहळत. पण एखाद्याचं दुःख माहीत असणं वेगळं आणि ते ऐकू येणं वेगळं.

एका उन्हाळ्यात प्रभाकररावांनी शकुंतलाबाईंना वर्ध्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ती बाई खोटा धीर देणारी नव्हती. तिनं तपासलं आणि मायेनं, पण स्पष्ट सांगितलं, की आता मूल होण्याची आशा धरू नका.

दोघं गाडीनं परत आले. प्रभाकरराव स्टेशनावरूनच कामाच्या ठिकाणी निघून गेले. शकुंतलाबाई घरी येऊन माझ्याजवळ बसल्या. गुडघे टेकले नाहीत, नुसत्याच भिंतीला टेकून बसल्या. सवयीनं त्यांनी सुरुवात केली, "हे आमच्या स्वर्गातील पित्या..." आणि थांबल्या. पुस्तकातले शब्द पुढे येईनात. बऱ्याच वेळानं त्या हलकेच म्हणाल्या, "बापा, मले काई सुचून नाई राह्यलं आता. तूच बोल."

आणि त्या गप्प बसल्या. आमेनही म्हणाल्या नाहीत.

मला वाटलं, आता आढं दुभंगेल, उजेड पडेल. मी लाकडाचा असलो तरी मीही त्या प्रार्थना ऐकत वाढलो होतो. पण तसं काहीच झालं नाही. घर तसंच तापलेलं होतं. बाहेर एक कुत्रं धापा टाकत होतं. उठून खिडकी लावायचं त्या दिवशी त्यांना भान नव्हतं. त्या उघड्या खिडकीतून आवाज आला. घासर... घासर... मग थांबला. मग एक बारीक आवाज आला, "माय."

ते रडणं नव्हतं. हाक मारून कोणी येत नाही हे ज्या लेकराला समजलं आहे, ते जसं स्वतःशीच बोलतं, तसा तो आवाज होता.

शकुंतलाबाई ताठ झाल्या. पुन्हा आवाज आला, "माय, पाणी."

त्या उठल्या आणि पायांत चप्पल न घालता धावल्या. परत आल्या तेव्हा बायजा त्यांच्या कडेवर होती. घोटे खरचटलेले, गुडघ्यांना माती, हातात पाण्याचा पेला घट्ट धरलेला. पाणी पिऊन झाल्यावर तिनं इकडेतिकडे पाहिलं, आणि माझ्यावरचं कापड ओढलं. तिला चिमणी दिसली. तिनं चाक फिरवलं. चिमणीनं मान हलवली. बायजा हसली.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा एका लहान हाताचा स्पर्श झाला. तो कसा होता ते मला सांगता येत नाही.

शकुंतलाबाईंनी तिला दोन्ही काखांत धरून माझ्याशी उभं केलं. पाय लोळागोळा होत होते, पण हात पक्के होते. खाटेभोवती स्वतःला ओढून ओढून त्या हातांत बळ आलं होतं.

दिवेलागणीला जिजा धापा टाकत दारात आली. खाट रिकामी पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "बाई, काई तोडलं-फोडलं का हिनं?"

"काई नाई तोडलं," शकुंतलाबाई म्हणाल्या. "उद्यापासून हिले बांधू नको. माह्याजवळ ठेवून जाजो. आणि हा गाडा हिच्यासाठी घेऊन जा."

जिजाला खरं वाटेना. ती मला न घेताच लेकीला घेऊन घरी गेली. तेवढ्यात प्रभाकरराव आले, आणि माझं कापड जमिनीवर पडलेलं पाहून दारातच उभे राहिले. शकुंतलाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं.

"तो आपल्या लेकराचा आहे," ते म्हणाले.

"आपलं लेकरू नाई होत जी."

हे वाक्य त्या घरात कोणी आजवर उच्चारलं नव्हतं. प्रभाकररावांचा चेहरा उतरला.

"म्हंजे तू विश्वास सोडला."

"विश्वास नाई सोडला. बोलणं थांबोलं जरासं. त्याचं ऐकून पाह्यलं."

"मंग? बोलला का देव?"

"नाई," शकुंतलाबाई म्हणाल्या. "बायजा पाणी मागून राह्यली होती. रोजच मागत असन. मी रोज खिडकी लावून घेत होती."

प्रभाकरराव दारातूनच वळले. न जेवता बाहेर जाऊन बसले. सकाळी शकुंतलाबाईंनी मला उचलून जिजाच्या अंगणात नेलं. प्रभाकररावांनी अडवलं नाही, पण त्या दिवसापासून ते घरात मुके झाले. प्रार्थनेलाही एकत्र बसेनात. मला त्यांची कीव येई. त्यांच्या लेखी मी साधं खेळणं नव्हतो. देवाला दिलेला शब्द होतो. तो त्यांच्या हातून कोणीतरी काढून घेतला होता.

जिजानं मात्र मला पाटावर ठेवून हळद-कुंकू लावलं, हात जोडले. शकुंतलाबाई पाहत होत्या. त्यांनी हरकत घेतली नाही. उलट वाकून कुंकवाची सांडलेली चिमूट त्यांनी पाटावरून सावरली.

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर प्रभाकरराव जिजाच्या अंगणात आले. त्यांची चाल पाहूनच मी ओळखलं, ते मला परत न्यायला आले होते. बायजा मला धरून उभी होती. पण मी वर्षाच्या बाळासाठी केलेला. ती चौथ्या वर्षात होती. माझ्या बुटक्या दांडीवर ती अगदी दुमडून गेली होती. मातीच्या उतारावर माझी चाकं भलतीच पळत. ती पडत होती, पुन्हा उठत होती.

प्रभाकरराव पाहत राहिले. एकदा पडली. दुसऱ्यांदा पडली, तशी त्यांच्यातला सुतार पुढे आला.

"असं नाई, असं नाई. पाठ मोडन पोरीची."

त्यांनी मला उचललं. बायजानं एवढा आकांत मांडला, की जिजा हात जोडून म्हणाली, "मिस्त्री, नेता तर न्या, तुमचाच आहे. पण तिच्या डोळ्यांसमोर नका नेऊ जी."

ते वळले. त्यांचे डोळे भरले होते. "आणून देतो," ते म्हणाले. "उंच करतो अन् आणून देतो."

छपरीत त्यांनी मला पार खोललं. नवे उंच दांडे लावले. मागे कंबरेला आधार म्हणून चामड्याचा पट्टा बसवला. चाकं घसरू नयेत म्हणून त्यांवर सायकलची जुनी ट्यूब चढवली. काम करता करता ते रडत होते. शकुंतलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"माह्यावर राग आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

"तुह्यावर नाई," ते म्हणाले. "त्याच्यावर आहे थोडा." आणि पुन्हा रंधा मारू लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "जाईन राग. तो दिवा धर इकडे."

त्या दिवशी त्यांनी पुन्हा एकत्र प्रार्थना केली. ती फार छोटी होती, आणि त्यानंतर दोघंही बराच वेळ तसेच बसून राहिले.

बायजा चालली का, असं तुम्ही विचाराल. चालली, पण चमत्कार झाला नाही. कितीतरी महिने ती रेल्वेच्या भिंतीकडेच्या सपाट वाटेवर मला ढकलत राहिली. शकुंतलाबाई तिच्या पायांना तेल चोळत, पुढे उभ्या राहून गाणी म्हणत. हळूहळू उजव्या पायात जीव आला. डावा शेवटपर्यंत ओढतच राहिला. एके दिवशी प्रभाकररावांनी दिलेली काठी घेऊन ती मला अंगणात सोडून एकटीच गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, आणि मागे वळून तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा सन्मान होता.

मग मी छपरीत पडलो. माझ्यावर कोंबड्या बसत. एका दांड्याला वाळवी लागली. वाईट दिवस होते ते. पण देवळी गावच्या एका बाईनं बायजाला बाजारात चालताना पाहिलं आणि आपल्या मुलासाठी विचारत आली. प्रभाकररावांनी मला पुन्हा उभं केलं. त्यानंतर मी किती घरं फिरलो ते आठवत नाही. प्रभाकररावांच्या घरी मात्र मूल कधी झालं नाही. दर नाताळात शकुंतलाबाई थोडा वेळ एकट्याच बसत, आणि त्या वेळी प्रभाकरराव त्यांना हाक मारत नसत.

एकदा मी दुरुस्तीला आलो होतो. बायजा तेव्हा शाळेत जाऊ लागली होती. शकुंतलाबाईंसोबत तुरीच्या शेंगा सोलता सोलता तिनं विचारलं, "बाई, तुमच्या देवानं तुमचं काऊन नाई ऐकलं?"

प्रभाकररावांचा हात थांबला.

शकुंतलाबाईंनी हातातली शेंग सोलून टाकली. "मले नाई मालूम, बायजा," त्या म्हणाल्या. "लय मागतलं मी. अजून दुखते. वर गेली का विचारीन त्याले."

"अन् त्यानं सांगतलं तर?"

"तर ऐकीन. ऐकाची सवय आता लागली मले."

मित्रांनो, आता मी थकलो आहे. माझी चाकं कुरकुरतात. तरी कोणी ना कोणी मला न्यायला येतंच. तुमच्या घरी आलो, तर मला पावसात ठेवू नका, चाकांना तेल द्या. आणि माझ्यात उभ्या असलेल्या लेकराला मागून ढकलू नका, "चल, चल" म्हणून ओरडूही नका. त्याच्या समोर बसा आणि थोडं गप्प राहा. चालायला शिकणारं मूल फार हळू बोलतं.