डाव्या हाताची सीट

सत्तर टक्के. त्याच्या पुढे ती निळी रेघ काही केल्या सरकत नव्हती. झुलालनानांनी लॅपटॉप बंद केला, पुन्हा चालू केला, देवाचं नाव घेऊन गेम उघडला, आणि रेघ पुन्हा सत्तरावर येऊन बसली ती बसलीच. मुंबई-आग्रा रस्त्यावर तीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला बोटभर रेघेनं असं ताटकळत ठेवावं, याचा त्यांना भारी संताप आला. चेकनाक्यावरच्या साहेबांनीसुद्धा त्यांना इतका वेळ कधी उभं केलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजारानं नानांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. आता नकली पाय बसवलाय, त्यावर ते आपल्या सोनगीर गावभर हिंडतात, पण क्लच दाबायला तो कामाचा नाही. मुलगी दीपमाला जळगावला नोकरीला. बापाचा वेळ जावा म्हणून तिनं आपला जुना लॅपटॉप पाठवला आणि त्यात ट्रक चालवायचा एक गेम टाकून दिला. नानांनी महिनाभर परदेशातले रस्ते चालवून पाहिले. ना गाय, ना खड्डा, ना ढाबा. झाडून-पुसून ठेवलेल्या त्या रस्त्यांवर त्यांना झोप यायची. मग एकदा दीपमाला फोनवर म्हणाली, “आबा, कुण्या हौशी पोरांनी आपल्या मुंबई-आग्रा रस्त्याचा नकाशा बनवलाय. गेममध्ये टाकता येतो. त्यात सोनगीरसुद्धा आहे.”

त्या दिवसापासून नानांना दुसरं काही सुचेना. आणि हे खेळाचं वेड नव्हतं. त्यांना त्या गाडीत बायकोला बसवायचं होतं.

नानांना गाडी शिकवली धुळ्याच्या इसाक उस्तादांनी. उस्तादांचा एक कडक नियम होता: केबिनमध्ये घर बसवायचं नाही. घर शेजारी बसलं की नजर रस्त्यावर राहत नाही. नानांनी तो नियम शेवटच्या खेपेपर्यंत पाळला. पुष्पाबाई लग्न होऊन पहूरहून आली त्या पहिल्याच वर्षी म्हणाली होती, “मले एक डाव गाडीत बसू द्या. तुम्ही दिवसभर काय पाहता ते मी बी पाहीन.”

“पुढली खेपले लई जासू,” असा पुढच्या खेपेला न्यायचा शब्द नानांनी दिला होता.

चार-पाच वर्षं तिनं विचारलं, मग सोडून दिलं. त्या डाव्या हाताच्या सीटवर आठ क्लीनर बसून गेले, कांद्याची पोती बसली, एकदा तर शेठची बकरीसुद्धा शिरपूरपर्यंत बसून गेली. पुष्पाबाई तेवढी बसली नाही. भरलेली गाडी गावात थांबवायची नाही हाही नियमच, म्हणून घराजवळून जाताना नाना हॉर्न द्यायचे, दोन लांब आणि एक आखूड. आरशात बघावं तर ओट्यावर साडीचा रंग तेवढा दिसायचा, आणि गाडी पुढे निघून गेलेली असायची.

पाय गेल्यावर लीलाधर ड्रायव्हर म्हणाला, माझ्या गाडीतून वहिनींना आणतो फिरवून. पुष्पाबाईनं त्याला चहा पाजला आणि सांगितलं, “दुसऱ्याच्या गाडीत कशाले बसू?” एसटीतून इंदूरपर्यंत दोघं जाऊन आली, पण एसटीच्या खिडकीतून रस्ता बाजूनं दिसतो, समोरून दिसत नाही. आपण बायकोला तीस वर्षं फसवलं, ही गोष्ट नानांना पायापेक्षा जास्त खुपत होती. ती एकदा तरी शेजारी बसली पाहिजे, आणि आता त्यांच्या हाती गाडी म्हणून उरली होती ती एवढीच. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. साठीचा माणूस हे बोलला तर गाव हसेल, आणि पुष्पाबाई सगळ्यात आधी हसेल.

नकाशा गेममध्ये टाकल्यावर ती रेघ सत्तरावर अडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप पिशवीत घालून नाना धुळ्याला गेले. बसस्टँडच्या मागं हुमाचं रिपेरिंगचं दुकान. पोरगी तिशीची, आयटीआय झालेली, कामाला पक्की आणि बोलायला फटकळ.

“नाना, याच्यात रॅम चार जीबीचीच आहे,” ती म्हणाली. “रॅम म्हणजे, गेम चालू असताना रस्ता, झाडं, गाड्या, सगळं जिथं उतरवून ठेवतात ती जागा. तुमचा नकाशा मोठा. चारात मावत नाही.”

“म्हणजे माल भरायचा हौदा लहान पडतोय.”

“तसंच समजा. आत एक खाच रिकामी आहे. तिच्यात अजून चारची पट्टी टाकू. पण याच जातीची पाहिजे. माझ्याकडे आत्ता नाही, मागवते. आठ-दहा दिवस लागतील.”

आठ-दहा दिवस! इथं खरं तर नानांनी हो म्हणून घरी यायचं. पण ते पडले ड्रायव्हर. गाडीचा पार्ट गेला की जुना काढायचा, खिशात घालायचा, भंगार बाजारात जाऊन त्याच्यासारखा दुसरा शोधायचा, ही त्यांची उभ्या जन्माची रीत. त्यांनी घरी येऊन लॅपटॉपची पाठ उघडली, आतली हिरवी पट्टी अलगद काढली, रुमालात गुंडाळली आणि पुन्हा धुळं गाठलं. जुन्या सामानाच्या बाजारात एका टोपलीत तसल्या पट्ट्यांचा ढीगच होता. नानांनी पट्टीला पट्टी लावून बघितली. लांबी जवळपास तीच, रंग तोच, काळे चौकोनही तसेच. खालच्या कडेची बारीक चीर तेवढी जराशी सरकलेली होती. एवढंसं तर काय, घासून बसवू, असं नाना मनात म्हणाले.

घासून बसवणं! तीस वर्षांत त्यांनी काय घासून बसवलं नव्हतं? पाट्याचे बुश, दरवाज्याचे कुलाबे, एकदा तर सेंधव्याजवळ भर उन्हात डिझेल पंपाचं कपलिंग घासून बसवलं होतं आणि त्यावर गाडी आग्र्याला नेली होती. ओट्यावर बसून त्यांनी बारीक कानस घेतली आणि पट्टीला हवी तिथं नवी चीर पाडली.

“काय करू राह्यले?” पुष्पाबाईनं आतून विचारलं. तीस वर्षं सोनगीरला राहून तिनं पहूरची बोली सोडली नव्हती आणि नानांनी आपली.

“काई नही. गाडीनं काम शे.”

“गाडी कुठं आहे तुमच्याकडे आता?” ती सहज म्हणाली आणि भांडी घासत राहिली.

नानांना ते लागलं. त्यांनी जुनी पट्टी जागेवर बसवली, घासलेली रिकाम्या खाचेत दाबली, बसेना तेव्हा अंगठ्यानं जोर लावला, आणि बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. मग जळक्या प्लास्टिकचा बारीक वास आला. नानांनी तो वास लगेच ओळखला. वायरिंग जळाल्याचा वास ड्रायव्हरला सांगावा लागत नाही.

लॅपटॉप पिशवीत घालून तिसऱ्यांदा धुळं गाठलं तेव्हा हुमापुढं उभं राहताना त्यांची मान वर होत नव्हती. हुमानं पाठ उघडली, घासलेली पट्टी चिमट्यानं बाहेर काढली आणि उजेडात धरली.

“ही काय कानस मारलीय?”

“थोडी चीर जुळत नव्हती.”

“नाना! ती चीर मुद्दाम ठेवलेली असते. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून. ही मागच्या पिढीची आहे, तुमच्या लॅपटॉपला चालतच नाही. आणि तुम्ही सोन्याच्या रेघांवर कानस चालवली!” तिचा आवाज चढला होता. “एवढी काय घाई पडली होती? गेमच तर खेळायचा होता ना?”

नानांनी स्टूल ओढलं. मग कुणालाच न सांगितलेली गोष्ट त्यांनी या पोरीला सांगितली. उस्तादांचा नियम, पुढली खेप, बकरी, ओट्यावरची साडी, सगळी. सांगताना त्यांनी हुमाकडं बघितलं नाही, काउंटरवरच्या स्क्रूंकडं बघत राहिले.

हुमा हसली नाही. “इसाक उस्ताद म्हणजे आमच्या गल्लीतले,” ती एवढंच म्हणाली. “त्यांच्या घरच्यांनी पण गाडी आतून कधी पाहिली नाही.” मग तिनं भिंग डोळ्याला लावलं आणि तासभर मान वर केली नाही. नाना स्टुलावर बसून राहिले. पाय दुखत होता, तरी हलले नाहीत.

शेवटी पडद्यावर उजेड आला. “बोर्ड वाचला. जुनी पट्टी पण वाचली,” हुमा म्हणाली. “पण दुसरी खाच गेली, कायमची. आता चारात चार घालता येणार नाहीत. एकाच खाचेत एकच आठची पट्टी बसवावी लागेल. ती जळगावला एका दुकानात आहे, मी फोन केला. पार्सलनं मागवते.”

“पार्सल नको. मी आणतो.”

“नाना, पाय.”

“पाय माझा आहे. मी बिघडवलंय, मीच आणणार. तू फक्त लिहून दे.”

हुमानं चिठ्ठीवर जात लिहिली, नंबर लिहिला, खाली रेघ ओढली. नानांनी तो नंबर तिच्यासमोर दोनदा मोठ्यानं वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते जळगावला निघाले. दीपमाला तिथंच होती, पण तिचा लॅपटॉप आपण जाळला हे तिला सांगायची नानांना लाज वाटत होती. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, एसटीचा ड्रायव्हर गिअर चुकीचे टाकत होता, तरी नाना त्याला एका शब्दानं बोलले नाहीत. आज त्यांचं ध्यान चिठ्ठीवर होतं. दुकान दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. एकेक पायरीवर आधी चांगला पाय, मग नकली पाय, असं करत नाना वर पोचले तेव्हा शर्ट घामानं भिजला होता. दुकानदारानं एक पट्टी पुढं केली. “घ्या काका, हीच.”

या वेळी नाना पट्टीच्या दिसण्यावर गेले नाहीत. चष्मा लावला, चिठ्ठी शेजारी धरली आणि एकेक आकडा बोटानं टेकवून जुळवला. चौथा आकडा जुळेना.

“ही नाही.”

“अहो, सारखीच दिसते.”

“दिसते सारखीच,” नाना म्हणाले. “मी दिसण्यावर गेलो आणि एक खाच जाळून बसलोय. नंबराची द्या, नसेल तर मी थांबतो.”

दुकानदारानं तोंड वाकडं केलं, आत गेला, अर्धा तास खुडबुड केली आणि नंबराची पट्टी घेऊन आला. नानांनी ती पुन्हा जुळवली. मगच खिशात घातली.

संध्याकाळी चार वाजता हुमानं पट्टी बसवली. कानस नाही, अंगठ्याचा जोर नाही. पट्टी टक् करून बसली. “आता घरी जाऊन चालू करा,” ती म्हणाली. “इथं नको. पहिली सवारी मी कशाला होऊ?”

घरी पुष्पाबाई भाकरीचं पीठ काढत होती. नानांनी लॅपटॉप पाटावर मांडला आणि शेजारी एक उशी ठेवली, डाव्या हाताला.

“बठ आठे.”

“मले काम आहे.”

“काम राहू दे. गाडी सुटी राहिनी.”

गाडी सुटायला आलीय म्हणणाऱ्या त्यांच्या आवाजात काही वेगळं असावं, कारण पुष्पाबाई पिठाचे हात तसेच घेऊन बसली. निळी रेघ निघाली. चाळीस. साठ. सत्तर. नानांनी श्वास रोखला. एकाहत्तर, आणि मग रेघ न थांबता शेवटाला गेली. समोर केबिन उघडलं, मोठी काच, काचेपलीकडं सरळ रस्ता.

“अगं बाई,” पुष्पाबाई म्हणाली. “हा तं आपला रस्ता.”

“आपलाच. धुयं मांगे ऱ्हायनं. मी चलावस, तू देख.”

धुळं मागं टाकून गाडी सोनगीरच्या वाटेला लागली आणि ती बघू लागली. समोरून येणारी गाडी अंगावर आल्यासारखी झाली की पदर धरायची. “इतक्या उंचावरून दिसते का हो?” तिनं विचारलं. “आन तुम्ही इतकी वर्षं एकलेच पाहिलं?”

“चुकनं मनं,” नाना म्हणाले. आपलं चुकलं ही कबुली इतकी सरळ बाहेर पडली की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. पुष्पाबाई उशी थोडी पुढं ओढून नीट बसली.

सोनगीर आलं. पोरांनी एक हिरवी पाटी, एक पेट्रोल पंप आणि किल्ल्याचा डोंगर काढला होता.

“आपलं घर कुठं आहे याच्यात?”

“काढेल नही. त्या बाभूयना मांगे समज.”

बाभूळ जवळ आली. नानांनी हॉर्नचं बटण दाबलं. दोन लांब, एक आखूड.

पुष्पाबाईनं पिठाचे हात झटक्यानं पदराला पुसले, मान दाराकडं वळवली आणि म्हणाली, “नीट जाजा.”

नानांनी ब्रेक मारला. ट्रक भर रस्त्यात उभा राहिला, मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या.

“काय म्हनी तू?”

“काही नाही. सवय आहे.” ती ओशाळली होती. “तुमचा भोंगा वाजला का मी ओट्यावर येऊन म्हणे. दर खेपेले.”

“माले कधीच ऐकू उनं नही.”

“कसं येईन? गाडी तं पुढं गेलेली राहे.”

नानांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. मागचे भोंगे वाजतच होते. “परत एकदाव म्हन,” ते म्हणाले.

पुष्पाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. ते अगदी शेजारी होते, तरी गाडी लांब गेल्यासारखी ती मोठ्यानं म्हणाली, “नीट जाजा!”

“हां,” नाना म्हणाले. तीस वर्षांचं उत्तर एवढंच होतं. मग त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.