मीच केलेला फोन

पोलिसांना फोन मीच केला होता. माझ्या पोराला, रेनार्डला, हे ठाऊक नव्हतं. कोर्टात तो माझ्यापासून चार हातांवर बेड्या घालून बसला होता. शेजारीण मॉझेल मला सोबत म्हणून आली होती. तिचा मुलगा लेरॉन आणि माझा रेनार्ड लहानपणापासूनचे जिवलग.

फोनची अक्कल सुचली हॅल्वरसनबाईंमुळे. त्या गोऱ्या बाईंकडे मी अकरा वर्षं साफसफाई करते. त्यांच्या पोराने, किपने, कोकेनपायी आईचे दागिने विकले, तेव्हा बाईंनीच पोलिसांना बोलावलं. त्याच्या खोलीत पावडरीची पिशवी निघाली. पोलिसाने कॉफी घेतली, ती मीच ओतली, आणि पोराला उपचार केंद्रात सोडलं. तीन महिन्यांत गुटगुटीत होऊन परत आलं! मग माझं का येणार नाही?

माझ्याकडे सहा पोलीस दार फोडून आले. रेनार्डच्या खिशात सहा ग्रॅम क्रॅक निघालं. क्रॅक म्हणजे तीच पावडर, खायचा सोडा घालून शिजवलेली. आम्हा काळ्यांच्या वस्तीत ती तशीच मिळते. क्रॅक पाच ग्रॅमच्या वर गेलं की पाच वर्षं कैद ठरलेली. पावडरीवाल्याला पाच वर्षं व्हायला अर्धा किलो लागतो. आग लागो असल्या कायद्याला!

"निकालाआधी कुणाला काही बोलायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

बोलले तर पोरगा जन्मभर तोंड बघणार नाही. तरी उभी राहिले.

"साहेब, फोन मी केला. पकडा म्हणून नाही, बरा करा म्हणून. त्याला उपचाराला पाठवा हो."

रेनार्ड गर्रकन वळला.

न्यायाधीश खाली बघत म्हणाले, "बाई, तुमचं पटतंय मला. पण कायद्यापुढे माझं काही चालत नाही. पाच वर्षं."

शिपायाने रेनार्डला उठवलं. मी कठड्याशी धावले. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. पण त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती.

"आई, तू आधी का नाही बोललीस गं? मला वाटलं लेरॉनने पोलिसांना सांगितलं. सकाळीच लिहून दिलं मी त्यांना, माल लेरॉनचा होता म्हणून."

लेरॉनने आयुष्यात कधी पुडीला हात लावला नव्हता.

"मागे घे ते!" मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता मागे घे!"

"पोलीस गेलेत त्याला पकडायला," तो म्हणाला.

माझ्यामागे मॉझेल उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.