नाचरा काटा

चार वाजता चर्चमध्ये सेलिनाचं लग्न लागायचं होतं. दोनच्या सुमाराला, निम्मे केस वर बांधलेले आणि निम्मे खांद्यावर मोकळे अशा अवस्थेत ती आरशासमोर बसली होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. बँडवाल्या फॉस्टिन अंकलचा व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर त्यांचा चेहरा कमी आणि कपाळावरचा घामच जास्त दिसत होता.

"बाय, माका माफ कर! गाडी पेटतली आता!"

"खंय आसात तुमी?"

"वेत्याजवळ. हायवेच्या कडेक. तेलाचो काटो लाल झालो. आमी सगळे भायर पडलो."

सेलिना अशी उठली की किशोरीच्या हातातली पिन जमिनीवर पडली. केस बांधायला सावंतवाडीहून खास आलेली ही किशोरी एरवी शांत बाई, पण नवरीचं डोकं हातातून निसटलं की तिचं डोकं फिरे. "बस गो! एक बाजू अजून उघडी आसा!"

पण सेलिना कुडाळच्या एका गॅरेजात गाड्यांचे बिघाड शोधायचं काम करत होती, आणि बिघाडाचं नाव काढलं की तिला भूक-तहान आठवत नसे. होणाऱ्या नवऱ्याशी, रॉयडनशी, तिची ओळखही तशीच झालेली. तारकर्लीत पर्यटकांना खोल्या देणारा हा उंच, सडपातळ, लाजरा माणूस एकदा गाडी घेऊन आला. गाडी दोन दिवसांत बरी झाली, तो मात्र महिनाभर काही ना काही आवाज येतोय म्हणून येत राहिला.

"अंकल, डिपस्टिक काढून बघा. तेल किती आसा? करपट वास येता?"

फॉस्टिन अंकलनी पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेल बरोबर खुणेवर होतं. करपट वास नव्हता. पाण्याचा काटाही मध्यावर गप होता.

"आणि तेलाचो काटो कसो चढता? हळूहळू?"

"चढता कसलो! उडी मारता. नव्वदावरसून थेट शेवटाक, आणि परत खाली."

सेलिना खुदकन हसली. "मगे तेल नाय तापलां. कढयेतला तेल कधी पापणी लवता तेवढ्यात उकळून परत निवता काय? ही भानगड विजेची आसा. आता सेन्सरचो प्लग काढा—"

इथे रेंज गेली आणि फॉस्टिन अंकल तोंड उघडं ठेवून पडद्यावर गोठले.

सेलिनाची आई एस्पेरांसा दारात उभी होती. बँड आल्याशिवाय नवरी, म्हणजे व्हकल, घराबाहेर पडणार नव्हती, आणि बँड तर वेत्याला झाडाखाली बसला होता. "आता कसा करूचा?" तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

"मी जाऊन येतंय."

"व्हकल लग्नादिवशी गॅरेज करूक जाता? आणि तुजो चुडो? एक बांगडी जरी फुटली ना—"

चुड्याचं मात्र खरं होतं. काल रोसाच्या, म्हणजे नारळाच्या रसाने न्हाऊ घालायच्या विधीच्या, आधी कासाराने दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या मनगटापासून पार वर भरल्या होत्या, आणि त्या फुटणं हा मोठा अपशकुन. पण तोवर सेलिनाने पांढऱ्या झग्याचा घोळ काखेत मारला होता. मीटर आणि टेपची पिशवी गळ्यात अडकवली होती. ती घरच्या जुन्या गाडीत बसलीही. आणि किशोरी? तिने पिनांचा डबा उचलला आणि मागच्या सीटवर उडी घेतली.

"तू गाडी चालव," ती म्हणाली, "पण मान हलवशीत तर बघ!"

असा हा प्रवास झाला. पुढे नवरी गिअर बदलतेय, मागून किशोरी तिच्या केसांत पिना खोचतेय, आणि शेजारून जाणारे ट्रकवाले हॉर्नवर हॉर्न देतायत. सेलिनाला इतकं हसू येत होतं की तिला स्वतःलाच कळेना, हे लग्नाचं हसू की बिघाडाचं.

वेत्याजवळ सगळा बँड लाल कोट घालून सावलीत बसला होता. फॉस्टिन अंकल धावत आले. वर्षापूर्वी तळेऱ्याला त्यांचं इंजिन जाम झालं होतं. तेव्हापासून त्यांनी डॅशबोर्डला भोक पाडून तेलाच्या तापमानाचा हा जादा काटा बसवला होता आणि रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघत. "दोनदा सेन्सर बदललंय, बाय! तरी हो नाचताच!"

सेलिनाने त्यांच्याकडून सेन्सरचा प्लग काढवला आणि गाडी चालू केली. काटा तळाला जाऊन पडला. एक मिनिट, दोन मिनिटं. हलेना.

"बघ! सेन्सरच मेलो!" अंकल ओरडले.

"इतक्यात नको. वायच थांबा."

थांबायचं तर काय करायचं, म्हणून बँडवाले गाडीत आपापल्या जागी जाऊन बसले आणि हात मोकळे करायला त्यांनी एक धावती धून धरली. आणि काय सांगावं! सेन्सर सुटा पडलेला, वायरचं टोक हवेत, आणि काटा उडी मारून थेट लालात!

"सेन्सर निर्दोष आसा!" सेलिना टाळी वाजवणार होती, चुडा आठवून थांबली. "वायर खंय तरी लोखंडाक लागता."

मग तिने बारकाईने पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. काटा नुसता उडत नव्हता. तो तालावर उडत होता. ढुम्म, वर. ढुम्म, वर.

"सगळे गप! एकेक जण वाजवा."

ट्रम्पेट वाजला. काटा तळाला. क्लॅरिनेट वाजलं. काटा तळाला. मग पुढच्या सीटवरच्या महादूने मोठ्या ढोलावर दणका दिला, आणि काटा टणकन वर.

"माजो ढोल?" महादू पांढरा पडला. हा माणूस देहाने ढोलाएवढाच, पण मनाने ससा. "माज्या ढोलान गाडी जळता?"

"पाय न हलवता वाजव बघू."

महादूने ओठ चावून, पाय आवळून ढोल वाजवला. काटा गप.

"आता नुसतो पाय आपट."

महादूने टाच आपटली. काटा वर.

मग सगळी गाडी हसण्याने अशी हादरली की काटा वेड्यासारखा नाचू लागला. इतके दिवस इंजिनाचं तेल नव्हे, महादूची टाच तापत होती! त्याच्या पायाखालचा पत्रा दबला की खालची वायर सीटच्या लोखंडी पायावर दाबली जात होती.

आता प्रश्न आला हात घालायचा. सीटखालची फट अरुंद. सेलिनाने वाकून बघितलं आणि चुड्याची किणकिण ऐकून किशोरीच किंचाळली. अंकलचा हात मनगटाशीच अडकला. किशोरीचा हात आत गेला, पण वायरीपर्यंत पोचेना. महादूचा तर विचारच नको.

नेमकी तेव्हाच रिबिनी लावलेली एक गाडी जाता जाता कचकन थांबली. घरात बसवेना म्हणून लवकर निघालेला रॉयडन काळ्या सुटात खाली उतरला.

"सेलिना? तू हय काय करतंस?"

"तुजो हात लांब आसा?"

"म्हणजे?"

"ये, आडवो हो."

आणि लग्नाला निघालेला तो नवरा, पुढे एक शब्द न विचारता, महादूच्या बुटांशेजारी गाडीत पालथा पडला. सेलिना गुडघ्यांवर बसून सांगत होती, "डावीकडे. अजून आत. वायर हळू ओढ."

"गावली! हय वायरीचा रबर गेलोसा. आतला तांबा दिसता."

"राजा माजो!" सेलिना म्हणाली. भर बँडसमोर ती असं पहिल्यांदाच बोलली आणि रॉयडनचे कान लाल झाले. तो लाजून इतका गडबडला की डोकं सीटला आपटलं.

त्याने उघड्या तांब्यावर काळी टेप गुंडाळली. वायर पुन्हा लोखंडाकडे सरकू नये म्हणून सेलिनाने त्याच्या गाडीची एक रिबीन सोडून आणली आणि त्या रिबिनीनेच त्याने वायर बाजूला बांधून टाकली. प्लग जागेवर बसवला.

"आता खरी परीक्षा," सेलिना म्हणाली. "महादू, आपट टाच. दया दाखवू नको."

बँड सुरू झाला. महादूने सुरुवातीला भीतभीत, मग जोर करून, मग सगळी लाज सोडून पाय आपटला. काटा हळूहळू नव्वदाकडे सरकला आणि तिथे भक्ताने ध्यान लावावं तसा बसला. फॉस्टिन अंकल एका हाताने ट्रम्पेट वाजवत होते आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होते. रॉयडनने, बाहीवर ग्रीसचा पट्टा घेऊन, सेलिनापुढे हात केला. हायवेच्या कडेला, लग्नाच्या तासभर आधी, ती दोघं नाचली. एक आंब्यांची पिकअप थांबली, तिचा ड्रायव्हर उतरून नाचला. किशोरी पिनांचा डबा खुळखुळ्यासारखा वाजवत नाचली.

मग सगळ्यांना एकदम घड्याळ आठवलं. रॉयडनला चर्चकडे पिटाळलं. अंकल अजून डोळेच पुसत होते, म्हणून बँडची गाडी सेलिनानेच हाकली आणि किशोरी ती घरची जुनी गाडी घेऊन मागे मागे आली.

इन्सुलीला, सेलिनाच्या घराच्या अंगणात, बँड वाजत शिरला, तेव्हा एस्पेरांसा कमरेवर हात देऊन उभी होती. झग्याच्या कडेला धूळ, पोरीच्या गालावर काळा ठिपका, आणि ड्रायव्हरच्या सीटवर नवरी! बोलायला तिने तोंड उघडलं. पण महादूने ढोलावर दणका दिला, आणि तिचा उजवा पाय तिला न विचारता ताल धरू लागला. मग डावाही. शिवी तोंडातच राहिली.

"उतर गो खाली," ती नाचता नाचता म्हणाली, "तुका जन्माक घातलंय ती मीच, माजोच दोष."