सरांची मुलगी

मुखपृष्ठावर एकच नाव होतं, प्राध्यापक विटकोप यांचं. मारैकेनं पुस्तिका उलटीपालटी करून पाहिली. प्रस्तावनेच्या अगदी तळाशी ती स्वतःला सापडली: ‘टंकलेखनातल्या मदतीबद्दल लोझेबाईंचे आभार.’

टंकलेखन! युरोपातल्या आधुनिक तत्त्वज्ञानाकडे वळणाऱ्या नव्या मुलांनी आधी काय वाचावं, कुठली आवृत्ती धरावी, कुठल्या भाष्यकारापासून चार हात लांब राहावं, कुणाची हस्तलिखितं कुठल्या संग्रहात मिळतील, सगळं तिनं खपून जमवलं होतं. लेकीला, येटेला, पाळणाघरातून आणायचं, भरवायचं, निजवायचं, की पुन्हा लिहायला बसायचं.

विभागातली दुसरी सहायिका उलरिके शेजारी होती. तिनं हळूच मारैकेचा दंड धरला.

“गिळून टाक. तुझ्या नोकरीच्या मुदतवाढीवर सरांची सही व्हायचीय.”

“आणखी किती गिळू? पोट आहे की पोतं?”

“पोटाचंच सांगतेय बाई. घरभाडं काय तुझे तत्त्वज्ञ भरणार?”

तेवढ्यात सर वर्गात आले. मुलांनी बोटांच्या पेरांनी बाकं वाजवून नव्या पुस्तिकेचं स्वागत केलं, सरांनी मान तुकवून ते घेतलंही. मग एका मुलाला म्हणाले, “ल्युडर, ‘मी आणि दुसरा’ हा भाग वाच पाहू. अवघड विषय आहे, पण मी सोपा केलाय.”

ल्युडर वाचू लागला. “‘माझी मुलगी डोळ्यांवर हात धरते आणि आपण कुणालाच दिसत नाही असं समजते. हाक मारली की बोटांच्या फटीतून बघते. कुणीतरी आपल्याला पाहतंय हे कळतं, तेव्हाच आपण आहोत हेही तिला कळतं.’”

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “अय्या, सर, तुम्हाला मुलगी आहे? केवढी आहे?”

वर्गात खसखस पिकली. सर एकटे राहतात, घरात फक्त दोन कुत्री, हे सगळ्या विभागाला ठाऊक होतं.

“अहो, उदाहरण आहे ते,” सर हसून म्हणाले. “कल्पनेतलं.”

कल्पनेतलं! सकाळी कपाळ कोमट लागत होतं येटेचं. तरी तिला पाळणाघरात सोडून आलेली मारैके फोन मांडीवर घेऊन बसली होती, कधी बोलावणं येईल म्हणून. नाव नेलं ते नेलं, आता पोरही पुसून टाकली यांनी.

ती उभी राहिली.

“तिचं नाव येटे. दोन वर्षांची आहे आणि माझी आहे. ही पुस्तिकासुद्धा माझी आहे, सर. पहिल्या पानापासून.”

“लोझेबाई, हे आपण नंतर माझ्या खोलीत बोलू.” आवाज मऊ होता. त्यातली धमकी तिला नेमकी ऐकू आली.

“खोलीत नाही. नाव सगळ्यांसमोर लावलंत ना? मग सगळ्यांसमोरच काढा.”

उलरिकेनं कपाळाला हात लावला. मारैके खाली बसली नाही.