आबांच्या टोपीवरची मधमाशी

बागेच्या फाटकावर कापडी फलक लावला होता, 'चला कुटुंबासह फुलपाखरांच्या आणि मधमाश्यांच्या भेटीला'. खाली मधमाशीचं चित्र, आणि ती मधमाशी चक्क दात काढून हसत होती. किशनरावांनी ते पाहिलं आणि त्यांचे पाय जागीच थबकले. रेणापूरच्या एसटीतून उतरून ते चालत आले होते नातीसाठी. मधमाश्यांचा विषय आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

फोनवर साक्षी एवढंच म्हणाली होती, "आबा, शाळेनं घरातली दोन मोठी माणसं आणायला सांगितलीत. मम्मी एकटीच आहे. तू ये." हल्ली शाळांना सगळं जोडीनं लागतं. ज्या घरात जोडी उरली नाही त्या घरानं काय करायचं, ते मात्र शाळा कागदावर लिहून देत नाही. पण नातीनं बोलावल्यावर नाही म्हणायची किशनरावांची टाप नव्हती. गेल्या वर्षभरात ती त्यांना चारदा भेटली होती, तीही दर वेळी तास-दोन तास.

सून आत झाडाखाली उभी होती. उज्वला लातुरात मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होती. शिकवणीसाठी आलेल्या दीडशे पोरी सांभाळून तिचा चेहरा असा झाला होता, की समोरच्यानं आपोआप आवाज खाली आणावा.

"आलात मामा?"

"हाव. पण हे माश्यांचं काय हाय, उज्वला? तुला ठाव नव्हतं?"

"मलाही इथं आल्यावरच कळलं. परत घेऊन निघाले होते, तीच म्हणाली राहू दे." मग तिनं आवाज खाली केला. "किती दिवस हा विषय टाळायचा? बाप माश्यांनी गेला म्हणून हिनं काय जन्मभर माश्यांना भ्यायचं का?"

किशनरावांनी मान डोलावली. माश्यांची भीती त्यांना नव्हतीच. त्यांना भीती होती ती वेगळीच, आणि ती त्यांनी तीन वर्षं कुणाला म्हणून सांगितली नव्हती. घरात सिंधूला, स्वतःच्या बायकोलाही नाही.

सुदर्शन, त्यांचा एकुलता एक मुलगा, येळवशीच्या दिवशी गेला. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. लातूरकडं त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे रानात. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा, भज्जी, भाकरी, आणि झोप येईस्तोवर आंबील. दिवस कलला की कडब्याची पेंडी पेटवून पिकाभोवती फिरवायची, तिला हेंडगा म्हणतात. हेंडगा बाप्यानं धरायचा, लेकराच्या हाती द्यायचा नाही, हे किशनरावांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. पण चार वर्षांची साक्षी पाय आपटून रडायला लागली आणि आजोबा विरघळले. पेंडीतलं एक चिपाड काढून पेटवलं, तिच्या हातात दिलं, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून मागं वळले. तंबाखू चोळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ वळले होते. तेवढ्यात पोरगी बापाला दाखवायला पळाली.

बाप आंबील पिऊन बांधावरच्या चिंचेखाली आडवा झालेला. चिंचेला आग्या मोहोळ होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या अंगाला हेंडगा कधी नेतच नसत. पोरीच्या हाताला चटका बसला, चिपाड खाली पडलं, वाळलेलं गवत भडकलं आणि धूर सरळ मोहोळात गेला. सुदर्शननं लेकीला उचलून धावत येणाऱ्या बापाकडं फेकलं आणि विहिरीकडं पळाला. माश्या त्याच्या मागं गेल्या. किशनराव घोंगडीखाली नातीला पोटाशी धरून पडून होते आणि मुलाचं ओरडणं ऐकत होते. दवाखान्यात नेताना, लातूर यायच्या आत सगळं संपलं.

उज्वला तेव्हा कोपीपलीकडं बायकांत भांडी आवरत होती. तिला, गावाला, पोलिसांना किशनरावांनी एकच सांगितलं, की शेजारच्या रानातून जाळ आला, कुणाचा ते दिसलं नाही. शेजारचं रान बसवंतअप्पांचं. आमचा हेंडगा तोवर पेटलाच नव्हता, असं म्हणत अप्पा देवाच्या शपथा घेऊन दमले. उज्वलानं त्यांना भर चावडीत नाही नाही ते सुनावलं आणि महिन्याभरात लेकीला घेऊन लातूर गाठलं. साक्षीच्या उजव्या तळहातावर, अंगठ्याच्या बुडाशी, चिंचोक्याएवढा डाग राहिला. त्या गोंधळात तो कधी पडला हे कुणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी किशनरावांनीच सांगून टाकलं, की कोपीतल्या चुलीचा चटका आहे.

"आबा, खाली वाक!"

साक्षी धावत आली होती. तिच्या हातात पुठ्ठ्याची काळी-पिवळी पट्टी होती आणि पट्टीवर तारेच्या दोन शिंगांना लोकरीचे गोंडे. "मी राणी माशी. मम्मी आणि तू कामकरी. मी स्वतः चिकटवलीय तुझी." तिनं ती पट्टी त्यांच्या पांढऱ्या टोपीवर घट्ट बसवली. उज्वलाच्या ओठांवर हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं असावं, कारण ते तिचं तिलाच अवघडल्यासारखं झालं.

सत्तरीला टेकलेला माणूस, धोतर, कोट, आणि डोक्यावर डुलणारे गोंडे. गावातल्या कुणी पाहिलं असतं तर पारावर महिनाभर चघळायला झालं असतं. किशनरावांनी मात्र पट्टी नीट चाचपून पाहिली, पडणार तर नाही ना म्हणून.

आभाळ भरून आलं होतं. पौषातलं असं आभाळ पाऊस देत नाही आणि ऊनही देत नाही, नुसतं डोक्यावर बसून राहतं. कार्यक्रम घेणाऱ्या मुलीचं नाव दामिनी. उदगीरची, शिकलेली, उत्साहानं नुसती फसफसत होती. तिनं प्रत्येक कुटुंबाला काड्यांची एक चौकट दिली. चौकट फुलांवर धरायची आणि दहा मिनिटांत किती माश्या, किती फुलपाखरं आली ते मोजायचं. साक्षीच्या चौकटीत दहा मिनिटांत एक मुंगळा आला. बाकीच्यांचंही तेच.

"ढगाळ आहे ना, म्हणून," दामिनी ओशाळून म्हणाली.

"ढगाचं एवढं न्हाई," किशनराव पुटपुटले. "आमच्या रानात उन्हातबी न्हाईत आता."

बागेच्या कडेला सूर्यफुलांचा वाफा होता. ती फुलं पाहून म्हाताऱ्याला राहवलं नाही. त्यांनी खांद्यावरचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं उपरणं तळहाताला गुंडाळलं आणि एका फुलाच्या तोंडावरून हलकेच हात फिरवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"हे काय करतोयस आबा?"

"माशी येत न्हाई तवा माणसानं माशी व्हायचं, माय. ह्या फुलाची भुकटी त्या फुलाला. सकाळच्या पारी, दव वाळल्यावर. मी आन तुझी आजी मिळून दोन-दोन एकर असा हात फिरवायचो. जोरात दाबायचं न्हाई. लेकराचं तोंड पुसतो ना, तसं."

दामिनीनं टाळ्या वाजवून सगळ्यांना बोलावलं. वीस-पंचवीस पोरं आणि त्यांचे आईबाप, शहरातली घडीच्या कपड्यांतली माणसं, किशनरावांभोवती कोंडाळं करून उभी राहिली. रुमाल, ओढण्या, कुणी तर टायसुद्धा हाताला गुंडाळला. साक्षी ज्याला त्याला सांगत सुटली, "ते माझे आबा आहेत. माझे." तीन वर्षांत आपण कुणाच्या उपयोगी पडलो असं त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं. उज्वला जवळ येऊन म्हणाली, "मामा, उन्हाळ्याच्या सुट्टीत हिला पंधरा दिवस पाठवीन म्हणते गावी."

किशनरावांनी नुसते हात जोडले.

मग सगळ्यांना गोल करून बसवलं. पोरांच्या हाताला हळद लावली, ती म्हणजे फुलातली भुकटी समजायची, आणि कागदाच्या पानावर घरातल्या सगळ्यांचे पिवळे अंगठे उमटवायचे, असा खेळ. पानावर वर छापलं होतं, 'आमच्या कुटुंबाचं मधमाशीला वचन'. साक्षीनं स्वतःचा अंगठा उठवला, आईचा उठवला, आणि आबांचा अंगठा धरून हळदीत बुडवला.

"आता सगळ्यांनी माझ्यामागं म्हणायचं," दामिनी म्हणाली. "मधमाशी उगाच कुणाला चावत नाही."

"मधमाशी उगाच कुणाला चावत नाही!"

"आपण त्रास दिला तरच चावते."

"आपण त्रास दिला तरच चावते!"

साक्षी हात वर करून उभी राहिली. 

"ताई, माझे पप्पा माश्यांनी मेले. त्यांनी तर त्रास दिला नव्हता. ते झोपले होते."

दामिनीचा चेहरा उतरला. बिचारीला सावरायचं होतं, म्हणून ती भलतंच बोलून बसली. "नाही ग बाळा, त्यांनी नसेलच दिला. दुसऱ्या कुणीतरी दिला असेल. धूर, जाळ असं काहीतरी... आग्या माशीला जाळ अजिबात सहन होत नाही."

साक्षी खाली बसली. तिनं हाताकडं पाहिलं. हळद सगळीकडं बसली होती, डागावर तेवढी बसली नव्हती. ती बोटानं डाग घासत राहिली.

"आबा," ती हळूच म्हणाली, "मला जाळ आठवतोय. माझ्याजवळ होता. अगदी जवळ. हातात खूप गरम होतं." तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "आणि पप्पा गवतात झोपले होते. मी पळत होते. आबा, मी काय घेऊन पळत होते?"

उज्वला जागची उठली. "साक्षी, काय बोलतेस तू?"

चूल म्हणून आता भागणार नव्हतं. सात वर्षांची पोर. आज अर्धं आठवलं, उद्या उरलेलं आठवेल. मग ही पोर मोठी होईल, हिचं लग्न होईल, लेकरं होतील, आणि रोज सकाळी भाकरी थापताना हा तळहात हिच्यासमोर येईल. आणि उज्वलाला खरं सांगावं, तर ती आई असली तरी माणूसच आहे. कधीतरी, रागाच्या भरात, नवऱ्याच्या आठवणीनं कासावीस होऊन, एकदा तरी ती लेकीकडं तसं बघेल. तेवढं एकदा बघणंही पोरीला पुरेल. किशनरावांना हे सगळं लख्ख दिसलं. उन्हाळ्याचे पंधरा दिवसही दिसले.

"तू काय बी घेऊन पळत नव्हतीस," ते म्हणाले. आवाज त्यांनी मुद्दाम मोठा ठेवला. "हेंडगा माझ्या हातात हुता. मीच चिंचेखाली नेला. तू माझ्या मागं पळत आलीस, मी तुला बाजूला ढकलाया गेलो तवा त्यो तुझ्या हाताला लागला. त्योच ह्यो डाग. चुलीचा न्हाई."

"तू?"

"मीच, माय. मला मोहोळ ठाव होतं. तरी नेला."

उज्वला इतक्या शांतपणे बोलली, की तिनं ओरडलेलं परवडलं असतं.

"मी बसवंतअप्पांना निर्वंश होईल म्हणाले होते, मामा. भर चावडीत. तुम्ही शेजारीच बसला होतात."

"हाव."

"ऐकत होतात."

"हाव."

"तीन वर्षं तुमच्या पाया पडत आले मी." तिनं साक्षीची पिशवी उचलली, पाण्याची बाटली उचलली. "आता पुन्हा येऊ नका. फोन पण करू नका. अप्पांची माफी मी मागेन, तुम्ही मधे पडू नका."

आजूबाजूचे लोक आपापल्या कागदांत माना घालून बसले होते. दामिनी रडवेली झाली होती. किशनराव उठले. अंगठ्याची हळद कशाला पुसावी ते त्यांना सुचेना, मग त्यांनी ती तशीच राहू दिली. फाटकाकडं निघालेल्या मायलेकींच्या पाठी ते बघत राहिले. पोरीच्या हातात तो अंगठ्यांचा कागद होता, वाऱ्यानं फडफडत होता.

मधेच साक्षी थांबली. आईचा हात सोडून माघारी आली. म्हाताऱ्या माणसाचं मन मोठं वेडं असतं, त्याला वाटलं, ही गळ्यात पडायलाच येतेय.

ती समोर उभी राहिली. डोळे कोरडे होते.

"माझ्या हातात काहीच नव्हतं ना?"

"काहीच नव्हतं. रिकामे होते तुझे हात."

"नक्की?"

"तुझ्या बापाची आण."

मेलेल्या मुलाची खोटी शपथ. त्यासाठी वर काय शिक्षा असते कोण जाणे. असेल ती भोगू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पोरीनं मोठा श्वास सोडला. तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. तेवढ्यासाठीच सगळं केलं होतं, आणि ते झालं होतं.

मग तिनं त्यांच्या टोपीकडं पाहिलं. पट्टी अजून तिथंच होती, गोंडे डुलत होते.

"ती माझी आहे," ती म्हणाली. "मला परत दे."

तिनं टाचा उंचावून हात वर केला. हात पुरेना, म्हणून किशनराव खाली वाकले.